आमवातात वळलेले हात: चित्रकार रेन्वार यांचे आयुष्य आणि ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’च्या रक्ततपासण्या

1915 साली फ्रान्समध्ये घेतलेली एक छोटी मूक चित्रफीत आजही पाहायला मिळते. साशा गित्री यांनी ती चित्रित केली होती. तिच्यात एक कृश, दाढीवाले वृद्ध गृहस्थ खुर्चीत बसून चित्र रंगवताना दिसतात. त्यांची बोटे तळव्याकडे वळलेली आहेत, मनगटे आखडली आहेत, हातांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या आहेत. शेजारी उभा असलेला मुलगा त्यांना ब्रश धरायला मदत करतो. मधूनच ते सिगारेट ओढतात आणि पुन्हा रंगवू लागतात. हे गृहस्थ म्हणजे जगप्रसिद्ध चित्रकार पिएर ऑगस्त रेन्वार. त्या वेळी त्यांचे वय 74 होते आणि आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, त्यांच्या शरीरात वीस वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला होता.

माझ्या दवाखान्यात आमवाताचा नवा रुग्ण आला की मी कधीकधी ही चित्रफीत मोबाइलवर दाखवतो. घाबरवण्यासाठी नाही. आजार उपचारांशिवाय पुढे गेला तर हात कसे होतात आणि आज ते टाळता येते, हे सांगण्यासाठी.

अलीकडे या गोष्टीची आठवण आणखी एका कारणाने होते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ नावाच्या तपासण्या दिसू लागल्या आहेत. रिपोर्टमध्ये आकडा लाल अक्षरांत आला की घरातले सगळे काळजीत पडतात. आमवात असलेल्या एका ताईंनी असा रिपोर्ट पाहून ‘अँटिऑक्सिडंट’च्या महागड्या कॅप्सूल सुरू केल्या आणि आमवाताची मूळ गोळी मनानेच बंद केली. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा दोन्ही हातांचे सांधे पुन्हा सुजलेले होते. म्हणून हा लेख. रेन्वार यांच्या आयुष्याच्या सोबतीने आपण पाहू, की या आजारात रक्त आपल्याला काय सांगते आणि काय सांगत नाही.

शिंप्याचा मुलगा, कसबी हात

रेन्वार यांचा जन्म 25 फेब्रुवारी 1841 रोजी फ्रान्समधल्या लिमोज या गावी झाला. वडील शिंपी होते आणि आई शिवणकाम करायची. मुलगा लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे तेराव्या वर्षी तो चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. बारीक ब्रशने फुले आणि चेहरे काढायचे, हात थरथरू द्यायचा नाही, असे ते काम होते. पुढे यंत्राने छपाई होऊ लागली आणि हाताने रंगवणाऱ्यांचे काम गेले.

1862 मध्ये ते चित्रकला शिकायला ग्लेर यांच्या स्टुडिओत दाखल झाले. तिथे मोने, सिस्ली आणि बाझील हे मित्र भेटले. या मित्रांनी पुढे 1874 मध्ये इतर काही चित्रकारांसोबत पॅरिसमध्ये एक स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्या प्रदर्शनापासून ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव रूढ झाले. सुरुवातीला या नावात टिंगल होती. रेन्वार यांनी 1876 मध्ये मोंमार्त्रमधल्या उघड्यावरच्या नृत्याचे आणि 1880-81 मध्ये नदीकाठच्या जेवणाच्या पंगतीचे चित्र रंगवले. ही दोन्ही चित्रे आज जगातल्या सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चित्रांत मोडतात. पंगतीच्या चित्रात छोट्या कुत्र्याशी खेळणारी तरुणी म्हणजे आलिन शारिगो. 1890 मध्ये दोघांनी लग्न केले. त्यांना पिएर, ज्याँ आणि क्लोद असे तीन मुलगे झाले. ज्याँ रेन्वार पुढे नावाजलेले चित्रपट दिग्दर्शक झाले आणि त्यांनी आपल्याकडे बंगालमध्ये येऊन ‘द रिव्हर’ हा चित्रपट काढला.

पन्नाशीपर्यंत रेन्वार यांचे सगळे आयुष्य हाताच्या कसबावर उभे होते. आजाराने नेमके तेच गाठले.

सांधे सुजू लागले

आमवाताची सुरुवात साधारण 1892 च्या सुमारास झाली असे मानले जाते. 1896 च्या एका छायाचित्रात त्यांच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले दिसतात. 1897 मध्ये पत्नीच्या माहेरच्या गावी, एसोय येथे, ते सायकलवरून पडले आणि उजवा हात मोडला. घरच्यांच्या आठवणीत आजाराची सुरुवात या पडण्याशी जोडली गेली.

हे आपल्याकडेही नेहमी होते. बाळंतपणानंतर, पावसात भिजल्यानंतर, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, असे रुग्ण सांगतात. आमवात पडल्यामुळे होत नाही. हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. जंतूंशी लढणाऱ्या पेशी चुकून सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतात. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड खाऊ लागते. सांध्याभोवतीच्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, सैल पडतात किंवा तुटतात. मग बोटे एका बाजूला झुकतात आणि वाकडी होतात. हाताला मार लागल्यावर माणूस त्या हाताकडे नीट पाहतो आणि आधीपासून असलेली सूज तेव्हा लक्षात येते.

ज्या वर्षी रेन्वार सायकलवरून पडले, त्याच 1897 मध्ये पोलंडमधले डॉक्टर एडमंड बिएरनात्स्की यांनी एक निरीक्षण मांडले. काचेच्या उभ्या नळीत रक्त ठेवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, आणि काही आजारांत त्या जास्त वेगाने बसतात. शरीरात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, असेल तर रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिने वाढतात. त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि लवकर खाली बसतात. आपण आज करतो ती ईएसआर तपासणी हीच. 1918 मध्ये स्वीडनमधल्या फोरेउस यांनी आणि 1921 मध्ये वेस्टरग्रेन यांनी ती पुढे नेली आणि मग ती दवाखान्यांत पोचली. तोवर रेन्वार यांचे निधन झाले होते.

म्हणजे त्यांच्या डॉक्टरांकडे आजार मोजायला रक्ताची कोणतीही उपयोगी तपासणी नव्हती. डोळ्यांना दिसणारी सूज, रुग्णाच्या वेदना आणि वजनकाटा, एवढ्यावरच सगळे चालायचे.

वजन उतरले, बोटे वळली

1903 च्या सुमारास आजाराने उग्र रूप घेतले. 1904 पर्यंत रेन्वार यांचे वजन 50 किलोच्या खाली आले होते आणि नीट बसणेही कठीण झाले होते. उजवा खांदा आखडला. मनगटाच्या आणि बोटांच्या काही स्नायुदोऱ्या तुटल्या. आधी काठी, मग कुबड्या आणि 1912 च्या सुमारास चाकाची खुर्ची, असा प्रवास झाला.

आमवात फक्त सांध्यांचा आजार नाही, हे यातून दिसते. दाह सगळ्या शरीरात असतो. भूक मंदावते, स्नायू झिजतात, रक्त कमी होते, सतत थकवा येतो. दीर्घकाळ दाह राहिला तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

त्या काळी उपाय काय होते? एक्स-ले-बँ आणि बूर्बन-ले-बँ या गावांतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन स्नान, जुलाबाची औषधे आणि वेदनेसाठी अँटिपायरिन. या उपायांनी थोडा वेळ बरे वाटत असेल, पण सांध्यांचे नुकसान थांबत नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रेन्वार दक्षिणेच्या उबदार हवेत राहू लागले. 1907 मध्ये त्यांनी समुद्राजवळच्या काञ गावी ले कोलेत नावाची जागा घेतली. तिथली जुनी ऑलिव्हची झाडे तोडली जाण्याची शक्यता होती आणि ती वाचावीत म्हणून त्यांनी ती खरेदी केली. आज तिथे त्यांचे संग्रहालय आहे.

सांध्याच्या आत काय चालले होते?

आता रक्तातल्या खुणांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

सांध्यात गोळा झालेल्या पांढऱ्या पेशींकडे जंतू मारण्याचे एक हत्यार असते. त्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ब्लीचसारखे हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. ही रसायने अतिशय चळवळी असतात. त्यांतल्या काहींना आपण फ्री रॅडिकल म्हणतो. खरा जंतू असेल तर हे हत्यार उपयोगी पडते. आमवातात मात्र जंतू नसताना ते वर्षानुवर्षे चालूच राहते.

शरीराकडे याची आवर घालणारी व्यवस्थाही असते. ग्लुटाथायोन आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, ही त्यातली दोन महत्त्वाची नावे. तयार होणारी रसायने आणि त्यांना आवरणारी व्यवस्था यांचा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. यातल्या ‘स्ट्रेस’चा मनाच्या ताणाशी गोंधळ करू नका.

ही रसायने पेशींभोवतीच्या चरबीच्या पातळ आवरणावर, प्रथिनांवर आणि डीएनएवर परिणाम करतात. चरबीवरचा परिणाम समजायला स्वयंपाकघर पुरे. दिवाळीचा चिवडा डब्यात महिनाभर राहिला की त्याला खवट वास येतो. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडते. शरीरातल्या चरबीच्या आवरणाचेही काहीसे असेच होते, आणि त्यातून मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, नावाचा पदार्थ तयार होतो. तो रक्तात मोजता येतो. गंमत अशी, की एमडीए मोजण्याची जुनी पद्धत खाद्यपदार्थ खवट झाले का हे पाहण्यासाठीही वापरली जाते.

संशोधनात मोजल्या जाणाऱ्या मुख्य खुणा अशा:

- चरबीच्या नुकसानीसाठी एमडीए आणि आयसोप्रोस्टेन
- प्रथिनांच्या नुकसानीसाठी प्रोटीन कार्बोनिल
- डीएनएच्या नुकसानीसाठी 8-ओएचडीजी, जे लघवीतही मोजतात
- बचावाच्या व्यवस्थेसाठी ग्लुटाथायोन, एसओडी आणि एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता

रेन्वार यांच्या हयातीत यातले काहीच ठाऊक नव्हते. फ्री रॅडिकल हा रसायनशास्त्रात सिद्ध झालेला पदार्थ 1900 मध्ये अमेरिकेतल्या मोझेस गोम्बर्ग यांनी दाखवला, पण त्याचा शरीराशी संबंध तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. एसओडीचे काम 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी उलगडले. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही कल्पना 1985 मध्ये जर्मनीतल्या हेल्मुट झीस यांनी नीट मांडली.

मग ही तपासणी करून घ्यावी का?

आमवाताच्या रुग्णांच्या गटाची निरोगी लोकांच्या गटाशी तुलना केली, तर एमडीएसारख्या खुणा सरासरीने जास्त आढळतात. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण गटाची सरासरी वेगळी आणि तुमचा एकट्याचा रिपोर्ट वेगळा. अनेक रुग्णांचे आकडे निरोगी माणसांच्या आकड्यांत मिसळून जातात. त्या आकड्यावरून आजार आहे की नाही, वाढतोय की कमी होतोय, गोळी बदलायची की नाही, हे ठरवता येत नाही.

याची कारणे साधी आहेत. एमडीए धूम्रपान, मधुमेह, लठ्ठपणा, संसर्ग, नुकताच केलेला जोरदार व्यायाम आणि खाणे यांनीही बदलतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या किंवा नमुना गोठवून न ठेवता तसाच राहिला, तर नळीतच आकडा बदलतो. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्या तर त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या तपासणीत युरिक आम्लाचा मोठा वाटा असतो. त्यामुळे युरिक आम्ल वाढलेल्या माणसाचा रिपोर्ट उगाच चांगला दिसू शकतो.

आणि मुख्य मुद्दा असा, की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कशातही वाढतो. तो आमवाताची खूण नाही. तो धुरासारखा आहे. धूर दिसला म्हणून कुठे आणि काय जळते आहे ते कळत नाही, आणि नुसता धूर हाकलून आग विझत नाही.

आमवातात डॉक्टर ज्या तपासण्यांवर निर्णय घेतात त्या वेगळ्या आहेत, आणि बहुतेक शहरांत सहज होतात.

ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या दाह किती आहे ते सांगतात. सीआरपी हे प्रथिन 1930 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडले. ते यकृतात तयार होते आणि दाह वाढला-घटला की लवकर बदलते. ईएसआर सावकाश बदलतो, आणि वय व रक्तक्षय यांनीही वाढतो. आरए फॅक्टर 1940 मध्ये नॉर्वेचे एरिक वालर यांनी दाखवला. तो आमवाताच्या बहुतेक रुग्णांत सापडतो, पण सगळ्यांत नाही. उलट काही निरोगी वृद्धांत आणि इतर आजारांतही तो सापडतो. अँटी-सीसीपी ही त्यानंतरची तपासणी आहे. ती आमवाताकडे अधिक नेमकेपणाने बोट दाखवते आणि सांध्यांचे नुकसान जास्त होण्याची शक्यताही सुचवते.

यांतली कोणतीही तपासणी एकटी पुरेशी नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही आमवात असू शकतो. म्हणून डॉक्टर आधी तुमचे सांधे हाताने दाबून पाहतात.

रेन्वार कसे रंगवत राहिले

रेन्वार हातातून ब्रश सुटेना म्हणून तो बांधून घेत, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती खरी नाही. हाताची कातडी पातळ आणि नाजूक झाली होती. ब्रशच्या दांड्याने तिला इजा होऊ नये म्हणून पट्ट्या होत्या. ब्रश बोटांत सरकवून दिला की पुढचे काम ते स्वतः करत.

हात चालते राहावेत म्हणून ते बरीच वर्षे रोज सकाळी तीन छोटे चामडी चेंडू हवेत उडवून झेलत. ते जमेनासे झाल्यावर लाकडाचा छोटा तुकडा उडवून झेलू लागले. मोठे चित्र रंगवायला उभे राहता येत नसल्याने कॅनव्हास रुळांवर गुंडाळून वरखाली सरकवता येईल अशी सोय त्यांनी करून घेतली. आज फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट जे शिकवतात, त्याचे हे घरगुती रूप होते. सांध्यांची हालचाल टिकवायची आणि काम शरीराला जमेल तसे बदलून घ्यायचे.

एकदा एका डॉक्टरांनी आहार आणि व्यायाम देऊन त्यांना पुन्हा पायांवर उभे केले. ते काही पावले चाललेही. पण त्या काही पावलांत सगळी शक्ती संपत होती आणि चित्रासाठी काहीच उरत नव्हते. रेन्वार यांनी चालणे सोडून दिले आणि चित्र निवडले. रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते हे आधी विचारावे, हा धडा मी त्यातून घेतो. कुणाला भाकरी थापता आली पाहिजे असते, कुणाला नातवाला उचलता आले पाहिजे असते. उपचाराचे यश त्यावरही मोजायला हवे.

1913 पासून त्यांनी शिल्पेही केली. माती हाताळण्याएवढी ताकद हातांत नव्हती. तेव्हा रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्यांच्या सांगण्यानुसार माती घडवी. त्यातून पूर्ण आकाराच्या मूर्ती उभ्या राहिल्या. पुढे 1973 मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने गिनो यांनाही या शिल्पांचे सहकर्ते मानले. आजारी माणसाच्या कामामागे अनेकदा आणखी कुणाचे हात असतात, हे घरच्यांना वेगळे सांगायला नको.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले. थोरले दोन्ही मुलगे युद्धात जखमी झाले. 1915 मध्ये मधुमेहाने आजारी असलेल्या आलिन यांचे निधन झाले. सुरुवातीला सांगितलेली चित्रफीत त्याच वर्षातली. त्यानंतरही चार वर्षे रेन्वार रंगवत राहिले. 1919 मध्ये त्यांना खुर्चीत बसवून लूव्र संग्रहालयातून फिरवण्यात आले. तरुणपणी तिथे ते जुन्या चित्रकारांची चित्रे अभ्यासायला जात असत. 3 डिसेंबर 1919 रोजी काञ येथे, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. स्नान करणाऱ्या स्त्रियांचे त्यांचे शेवटचे मोठे चित्र त्याच वर्षी पूर्ण झाले होते.

सिगारेटचा मुद्दा

चित्रफितीतली सिगारेट विसरू नका. धूम्रपानामुळे आमवात होण्याचा धोका वाढतो, विशेषतः अँटी-सीसीपी असलेल्या प्रकाराचा, हे आता पक्के माहीत आहे. तंबाखूच्या धुरात फ्री रॅडिकल भरपूर असतात. फुफ्फुसात त्यामुळे प्रथिनांमध्ये जे बदल होतात, त्यांतून प्रतिकारशक्ती भरकटत असावी असे मानले जाते. रेन्वार यांना आजार सिगारेटमुळेच झाला असे म्हणता येणार नाही. पण आज कुणाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस खरोखर कमी करायचा असेल, तर विडी-सिगारेट सोडण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्याव्यात का?

फ्री रॅडिकल वाईट, म्हणून अँटिऑक्सिडंट चांगले, हे ऐकायला बरोबर वाटते. पण शरीर इतके सोपे नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन देऊन झालेल्या मोठ्या अभ्यासात, 1994 मध्ये, फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग वाढलेला दिसला. आमवातात अशा गोळ्यांनी सांध्यांचे नुकसान थांबते, असे सिद्ध झालेले नाही.

शिवाय काही पूरक गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असते, आणि ते थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकते. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

पालेभाज्या, फळे, कडधान्ये, शेंगदाणे आणि चालत असतील तर मासे, हे जरूर खा. त्यात अँटिऑक्सिडंट आहेतच, आणि हृदयालाही ते चांगले.

रेन्वार यांना न मिळालेले, पण तुम्हाला मिळू शकणारे

रेन्वार गेल्यानंतर दहा वर्षांनी, 1929 मध्ये, फ्रान्समधल्याच फोरेस्तिए यांनी आमवातात सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने वापरली. 1948 मध्ये कॉर्टिसोन आले. 1980 च्या दशकात कमी मात्रेतले मेथोट्रेक्सेट उपयोगी असल्याचे अभ्यासांतून स्पष्ट झाले, आणि आजही तेच उपचाराचा पाया आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस बायोलॉजिक इंजेक्शने आली. ही औषधे नुसत्या वेदना दाबत नाहीत, तर दाहच कमी करतात. दाह कमी झाला की फ्री रॅडिकल तयार होणेही कमी होते. म्हणजे आमवातात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करण्याचा खरा मार्गही हाच.

मेथोट्रेक्सेटच्या नावाने रुग्ण घाबरतात, कारण इंटरनेटवर ते कर्करोगाचे औषध म्हणून दिसते. आमवातातली मात्रा खूप कमी असते. दोन गोष्टी मात्र कायम लक्षात ठेवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतल्यास जिवाला धोका होऊ शकतो. आणि गरोदरपणात किंवा मूल हवे असताना ती चालत नाही, त्यामुळे तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दारू टाळा. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करा. पॅकेजवर खर्च करण्यापेक्षा या तपासण्यांवर केलेला खर्च सत्कारणी लागतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- सकाळी उठल्यावर हातपाय अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेले राहत असतील
- बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांना किंवा मनगटाला सूज असेल, विशेषतः दोन्ही हातांना
- हे सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकले असेल
- सोबत थकवा, बारीक ताप किंवा वजन घटणे असेल

सहा आठवडे होण्याची वाट पाहत बसू नका. सूज दिसली की आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते तुम्हाला संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवतील. सांध्यांचे नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते, आणि एकदा झिजलेले हाड कोणत्याही गोळीने परत येत नाही.

ज्या ताईंचा सुरुवातीला उल्लेख केला, त्यांची मूळ गोळी तपासण्या करून पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांत सूज उतरली, सीआरपी खाली आला. मूठ पूर्ण वळू लागली आहे. उजव्या हाताचे एक बोट मात्र थोडे वाकडे राहिले आहे, आणि ते तसेच राहील. त्यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची तपासणी पुन्हा करायची का, असे विचारले. मी नको म्हटले आणि पुढच्या महिन्याच्या सीबीसी व यकृताच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

हा लेख माहितीसाठी आहे. यावरून कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नका. आपल्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्या.